परत आलेल्या मालाचा पंचनामा

दुकानात बसून विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याचा आणि गिऱ्हाइकाचा संबंध समोरासमोरचा असतो. गिऱ्हाईक जिन्नस हातात घेते, उजेडात धरून पाहते, भाव करते, पैसे मोजते आणि निघून जाते, आणि क्वचित माल परत करावयास आलेच तर ते गिऱ्हाईक, त्याची तक्रार आणि तो माल ही तिन्ही एकाच वेळी दुकानदारासमोर उभी असतात. ऑनलाइन विक्रीत या तिन्हींची फारकत होते. तुळजापुरात कवड्यांच्या माळा ओवून त्या फोनवरून विकणारे कुटुंब असो, उमरग्याच्या बाजारपेठेतून साड्या आणि ड्रेस पाठविणारा तरुण असो, की कळंबकडे घरच्या घरी मसाले करून विकणारा महिला बचतगट असो, त्यांच्या दारी एखाद्या दुपारी कुरिअरवाला येतो आणि काही दिवसांपूर्वी रवाना केलेले पाकीट, कधी न फोडलेले, कधी फोडून पुन्हा चिकटविलेले, तर कधी मुळात आपले नव्हेच असे, हाती ठेवून पुढच्या घराकडे वळतो. ते का परत आले, त्यात आपलाच माल आहे की नाही आणि झालेल्या नुकसानीचा भार कोणाच्या माथी, हे सांगणारे माणूस तेथे कोणी नसते. जे काही कळावयाचे ते त्या पाकिटावरूनच कळावयाचे असते. म्हणून परत आलेल्या पाकिटाकडे आधी पुरावा म्हणून आणि नंतर माल म्हणून पाहावे, हे या व्यवसायात पडलेल्या प्रत्येकाने सुरुवातीसच मनाशी बिंबवून घेतले पाहिजे.

विकलेला माल परत येणे ही आजच्या काळाने आणलेली आपत्ती आहे असे मात्र कोणी समजू नये. मनुस्मृतीने विवादाची जी 18 पदे गणली आहेत त्यांत क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदी अथवा विक्री केल्यानंतर होणारा पश्चात्ताप, हे एक स्वतंत्र पद असून, असा पश्चात्ताप झाल्यास 10 दिवसांच्या आत व्यवहार फिरविण्याची मुभा तेथे दिलेली आहे. नारदस्मृती त्याहून बारकाईने विचार करते: माल त्याच दिवशी जसाच्या तसा परत केला तर घेणाऱ्याला तोशीस नाही, दुसऱ्या दिवशी मूल्याचा तिसावा भाग सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर माल घेणाऱ्याचाच. याज्ञवल्क्यस्मृतीने तर जिनसागणिक परीक्षेच्या निरनिराळ्या मुदती घालून दिल्या आहेत. बियाण्याला 10 दिवस, लोखंडाला 1, दुभत्या जनावराला 3, ओझ्याच्या जनावराला 5 आणि रत्नांना 7. बियाणे उगवून आल्याखेरीज पारखत नाही आणि गाईचे दूध चार वेळा काढल्याखेरीज कळत नाही, हा व्यवहारी विवेक त्या मुदतींमागे उघड दिसतो. याच याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, जी पुढे बंगालखेरीज बहुतेक भारतात हिंदू कायद्याचा आधार ठरली. आणि ती जेथे लिहिली गेली ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याची राजधानी कल्याणी, म्हणजे आज कर्नाटकात मोडणारे बसवकल्याण, उमरग्याच्या पूर्वेस, धाराशिव जिल्ह्याच्या अगदी शेजारी आहे. मोबाइलवरील अॅप आज कपड्याला अमुक दिवस, विजेच्या उपकरणाला तमुक दिवस अशी परतीची मुदत दाखविते, तेव्हा तो जुनाच विचार ते नव्या साधनाने अमलात आणीत असते.

दूरवरून माल मागविण्याची आणि तो न स्वीकारता परत धाडण्याची रीतही अशीच जुनी आहे. भारतीय टपालखात्याने 1877 साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपल्याकडे घरोघर 'व्ही. पी.' या नावाने रूढ झालेली पद्धत सुरू केली, तीत पोस्टमनने पार्सल दारी न्यावयाचे, किंमत वसूल करावयाची आणि ती पाठविणाऱ्याकडे पोहोचवावयाची असे. मुंबई-पुण्याची पुस्तके, मासिकांच्या वर्गण्या, औषधे, घड्याळे असा कितीतरी व्यवहार या मार्गाने चाले. आणि मागविणाऱ्याने ऐनवेळी नकार दिला म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च पाठविणाऱ्याच्या अंगावर पडे. पुढे 2010 साली फ्लिपकार्टने माल हाती पडल्यावर पैसे देण्याची, कॅश ऑन डिलिव्हरीची, सोय आणली आणि लहान गावांतील गिऱ्हाईक निःशंकपणे खरेदी करू लागले, पण व्ही. पी.चा जुना दोष तिच्याबरोबर जसाच्या तसा आला, कारण ज्याने आगाऊ पैसे दिलेले नाहीत त्याला नकार देण्यास काहीच मोल पडत नाही.

परत येणारी पाकिटे वरवर सारखी दिसली तरी त्यांच्या चार निरनिराळ्या जाती आहेत, आणि त्या ओळखल्याखेरीज पुढचे पाऊल टाकता येत नाही. पहिली जात, जिला विक्रेते आपसांत 'आरटीओ' (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, ती गिऱ्हाइकापर्यंत न पोहोचताच फिरलेल्या मालाची. पत्ता सापडला नाही, फोन उचलला गेला नाही, किंवा दारातच नकार मिळाला, अशी तिची कारणे असतात आणि पाकीट बहुधा न फोडलेले असते. दुसरी जात 'कस्टमर रिटर्न'ची, म्हणजे गिऱ्हाइकाने माल घेऊन, पाहून, कधी वापरूनही परत केलेल्याची. तिसऱ्या जातीत पाकीट आपले असते पण आतला माल आपला नसतो. नवी साडी गेलेली असते आणि जुनी, धुतलेली साडी आलेली असते. चौथीत तर पाकीटच दुसऱ्या विक्रेत्याचे असते, आणि कुरिअरच्या गोदामात लेबलांची अदलाबदल झाल्यामुळे ते आपल्या दारी आलेले असते. पहिल्या जातीत पत्त्याचा आणि फोनचा तपास करावयाचा, दुसरीत मालाचा, तिसरीत पुराव्याचा आणि चौथीत खऱ्या मालकाचा. चारही प्रकारांना एकच उपाय लावणारा विक्रेता चारही ठिकाणी फसतो.

महसूल खात्याचा तलाठी गारपिटीनंतर शेतात येतो तेव्हा काय झाले याविषयी आपले मत सांगण्याआधी तो जे दिसते ते लिहून काढतो, आणि परतीचे पार्सल उघडताना नेमकी हीच शिस्त उपयोगी पडते. पाकीट हाती घेतल्याबरोबर, कुरिअरवाल्याच्या यंत्रावर सही किंवा ओटीपी देण्यापूर्वी, त्याची बाहेरची अवस्था पाहावी. फाटलेले, ओले किंवा उघड दिसेल असे फोडलेले असेल तर ती गोष्ट त्याच्यासमोर फोटोत घ्यावी आणि पावतीवर शेरा मारता येत असल्यास मारावा. नंतर चांगल्या उजेडात टेबलावर पाकीट ठेवून फोनचा कॅमेरा एकदा सुरू करावा तो काम पुरे होईपर्यंत बंद करू नये, कारण मधे तुटलेल्या चित्रीकरणावर कोणतीही ई-कॉमर्स कंपनी विश्वास ठेवीत नाही. लेबलावरील एडब्ल्यूबी क्रमांक, म्हणजे कुरिअरचा पार्सल-क्रमांक, स्पष्ट वाचता येईल असा जवळून दाखवावा, पाकिटाच्या सहाही बाजू फिरवून दाखवाव्यात, स्वयंपाकघरातील तराजूवर वजन करून आकडा चित्रात आणावा आणि मगच टेप कापावी. आपण लावलेल्या टेपेवर दुसऱ्या रुंदीची टेप चढलेली असणे, लेबलाचा कोपरा उचलून पुन्हा दाबलेला असणे, रवाना करताना लिहून ठेवलेल्या वजनापेक्षा आजचे वजन कमी भरणे, ही सारी चिन्हे आतला जिन्नस दिसण्यापूर्वीच पुष्कळ काही सांगून जातात. आणि येथेच लक्षात येते की परतीच्या वेळच्या पंचनाम्याला जोड हवी ती रवानगीच्या वेळच्या नोंदीची. जाताना वजन, फोटो आणि क्रमांक टिपला नसेल तर येताना टिपलेल्याची तुलना करावयाची कशाशी?

कवड्यांच्या माळेचेच उदाहरण घेऊ. तुळजाभवानीच्या उपासनेत या माळेला मोठे स्थान आहे आणि तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, त्यामुळे ती दूरदूरच्या भाविकांकडे पार्सलने जाणे स्वाभाविक आहे. परत आलेली माळ हातात घेतली म्हणजे प्रथम दोऱ्याची शेवटची गाठ पाहावी. ओवणाऱ्याच्या हाताची गाठ त्याची त्याला ओळखता येते आणि ती बदललेली असेल तर माळ उसवून पुन्हा ओवलेली आहे हे ध्यानात येते. मग कवड्या मोजाव्यात, एखादी काठाशी फुटली आहे का ते बोटाने चाचपावे, आणि माळेवर हळदीकुंकवाचा डाग किंवा तेलाचा वास आहे का ते पाहावे. कारण एकदा देवीपुढे ठेवलेली किंवा गळ्यात घातलेली माळ कोरी म्हणून दुसऱ्या भाविकास विकणे हा नुसता व्यापारातला अप्रामाणिकपणा राहत नाही, तो त्या भाविकाच्या श्रद्धेशी केलेला दगा होतो. अशा माळेचा फोटो घ्यावा, कंपनीकडे 'वापरलेला माल परत' या सदराखाली दावा दाखल करावा, आणि माळ वेगळी काढून ठेवावी. भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या खव्याची गोष्ट याहून सरळ आहे. त्या खव्यालाही मानांकन लाभलेले आहे, परंतु नाशवंत पदार्थ एकदा आपल्या नजरेआड गेला की वाटेत किती तास उन्हात राहिला याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून परत आलेला खवा किंवा पेढा, पाकीट कितीही नीटनेटके दिसले तरी, पुन्हा विक्रीस ठेवावयाचा नाही, नोंद करून नष्ट करावयाचा, आणि त्याचे नुकसान किंमत ठरवितानाच हिशेबात धरावयाचे.

पंचनामा झाल्याबरोबर दाव्याचा विचार करावा, कारण प्रत्येक कंपनीच्या विक्रेत्यांसाठीच्या पॅनेलवर दावा दाखल करण्याची मुदत ठरलेली असते आणि ती थोड्या दिवसांचीच असते. पाकिटे कोपऱ्यात साचू देऊन रविवारी एकदम फोडण्याची जी सवय लहान विक्रेत्यांना लागते, तिच्यापायी खरे दावेही मुदतबाह्य होऊन बुडतात. दाव्यात रागाचे शब्द लिहून उपयोग नसतो. ऑर्डर क्रमांक, परतीचा क्रमांक, पाठविलेला जिन्नस, मिळालेला जिन्नस आणि जोडलेले चित्रीकरण एवढे मोजके लिहिले म्हणजे वाचणाऱ्याला निर्णय देणे सोपे जाते, आणि पहिल्या फेरीत दावा फेटाळला गेला तरी त्याच कागदांवर पुन्हा दाद मागता येते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो याविषयी दोन्ही बाजूंना गैरसमज फार आहेत. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यानुसार न पाहता घेतलेला माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही, आणि त्याने न्याय्य कारणाने माल नाकारल्यास, अन्यथा काही ठरलेले नसेल तर, तो आपण होऊन परत पोहोचविण्याचेही बंधन त्याच्यावर नसते. नाकारल्याचे कळविले की पुरे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 आणि त्याखालील ई-कॉमर्सचे नियम हे दोन्ही जुलै 2020 मध्ये अमलात आले. त्या नियमांनुसार माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत वर्णिल्याप्रमाणे नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घेण्यास अथवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या आवाक्याबाहेरील कारणाने झाला असेल तेवढाच अपवाद. म्हणजे घटस्थापनेपूर्वी पोहोचेल असे सांगून पाठविलेली माळ दसऱ्यानंतर पोहोचली आणि गिऱ्हाइकाने ती परत केली, तर माळ निर्दोष असूनही विक्रेत्याला तक्रारीस जागा उरत नाही. आपल्या मालाच्या पानावर पोहोचण्याची तारीख जपून लिहावी ती याच कारणासाठी. विक्रेत्याने तक्रारीसाठी अधिकारी नेमावा, त्याने 48 तासांच्या आत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, हेही त्याच नियमांत आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे बिलावर छापून सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही. बिलात मुदत दिलेली नसेल तर कायदा 30 दिवसांची मुदत धरतो.

परंतु केवळ रंग आवडला नाही, मन बदलले, एवढ्या कारणाने माल परत घेण्याची सक्ती आपला कायदा करीत नाही. युरोपीय संघाने 2011 च्या निर्देशाने दूरवरून खरेदी करणाऱ्यास 14 दिवसांत कारण न देता व्यवहार मोडण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे ती सवलत कंपनीच्या धोरणातून येते आणि विक्रेत्याने नोंदणीच्या वेळी मान्य केलेल्या करारामुळे त्याला बांधते. म्हणून तो करार वाचून, परतीचा वाहतूकखर्च कोणत्या कारणासाठी कोणाकडे लागतो याचे टिपण काढून ते भिंतीवर लावणे, हे पहिल्या शंभर ऑर्डरींपेक्षाही अधिक मोलाचे काम आहे.

परतीचा दुसरा परिणाम हिशेबावर होतो. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याने विक्रीचे बिल केले आणि माल परत आला, तर त्याने क्रेडिट नोट काढून ती विवरणपत्रात दाखवावी लागते, आणि करात घट मिळण्यासाठी ज्या आर्थिक वर्षातील विक्री असेल ते संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर ते भरण्यापूर्वी, हे काम पुरे व्हावयास हवे. ई-कॉमर्स कंपनी विक्रेत्याच्या रकमेतून जो कर गोळा करते, ज्याचा दर जुलै 2024 मध्ये 1 टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला, तो परत आलेला माल वजा जाता उरणाऱ्या विक्रीवर आकारावयाचा असतो. तेव्हा आपल्या वहीतील परती आणि कंपनीच्या सेटलमेंटमधील परती दरमहा ताडून पाहिल्या नाहीत तर न झालेल्या विक्रीवरही पैसे कापले गेल्याचे वर्षअखेरपर्यंत ध्यानात येत नाही. नोंदणीच्या मर्यादेखाली उलाढाल असणाऱ्या लहान विक्रेत्यांना ऑक्टोबर 2023 पासून राज्यांतर्गत ऑनलाइन विक्री नोंदणीशिवाय करता येते. त्यांना क्रेडिट नोटेचे बंधन नसले तरी वहीची गरज तितकीच आहे.

आता चौथ्या जातीकडे, म्हणजे परक्याच्या मालाकडे, वळू. दुसऱ्याचा ऐवज आपल्या हाती आला आणि तो आपण ठेवून घेतला, तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे आपल्यावर ठेवीदाराकडून वस्तू सांभाळावयास घेतलेल्या माणसाचीच जबाबदारी येते. सामान्य समंजस मनुष्य आपल्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी त्या वस्तूची घ्यावी लागते, आणि ती लबाडीने वापरणे अथवा विकणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा ठरतो. असे पाकीट शक्यतो न फोडता लेबलाच्या फोटोसह कुरिअर कंपनीला आणि पॅनेलवर लेखी कळवावे, कळविल्याची पोच जपून ठेवावी, आणि कोणी उचलून नेईपर्यंत ते वेगळे ठेवावे. आपलाही माल असाच कोठेतरी दुसऱ्या विक्रेत्याच्या दारी पोहोचलेला असण्याचा संभव असतो, आणि त्यानेही हेच करावे अशी आपली अपेक्षा असते. जे पाकीट कोणत्याच ऑर्डरीशी जुळत नाही आणि ज्यावर पैसे मागितले जातात, ते मात्र घेऊच नये; आणि न मागता हाती आलेल्या पाकिटातील चिठ्ठीवरचा क्यूआर कोड कुतूहलाने स्कॅन करू नये. 2020 साली अमेरिकेतील अनेक घरी न मागविलेली बियाण्यांची पाकिटे टपालाने येऊ लागली, त्यांचा संबंध खोट्या खरेदीच्या नोंदी करून विक्रेत्याचे नाव वाढविण्याच्या युक्तीशी असावा असा अंदाज तेथील कृषिखात्याने वर्तविला, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावध केले. सोयाबीन आणि तुरीवर ज्याचे वर्ष अवलंबून आहे अशा जिल्ह्यात अनोळखी बियाणे शेतात टाकण्याचा मोह किती महाग पडू शकेल हे निराळे सांगावयास नको.

परतीचा उपाय ती येण्यापूर्वीच शोधणे अर्थातच सर्वांत श्रेयस्कर, आणि धाराशिवच्या विक्रेत्याला त्यासाठी पत्त्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जिल्ह्याचे नाव 2023 साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, परंतु गिऱ्हाइके, कुरिअर कंपन्या आणि जुनी लेबले यांत दोन्ही नावे चालू राहिली. शिवाय वडगाव, पिंपळगाव अशा नावांची गावे महाराष्ट्रात इतकी आहेत की गावाच्या नावावरून काहीच निश्चित होत नाही. अशा गोंधळात हमखास भरवशाचा असतो तो पिनकोड, जो 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आला आणि ज्याची योजना टपालखात्यातील अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. त्यातील पहिले तीन अंक टपाल वर्गवारीचा विभाग सांगतात आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय. 413501 हा धाराशिवचा आणि 413601 हा तुळजापूरचा, पण 413 हे अंक सोलापूर, लातूर, पंढरपूर आणि बारामतीकडेही आढळतात. तेव्हा शेवटच्या तिन्हींतील एक आकडा चुकला तर पाकीट भलत्याच तालुक्यात जाऊन तेथून परत फिरावयाचे. रोख रकमेची ऑर्डर आली म्हणजे रवानगीपूर्वी गिऱ्हाइकाशी संपर्क साधण्याची मुभा असेल तेथे एक फोन करून पत्ता, खूण आणि पिनकोड विचारून घ्यावा. ज्या नकाराची किंमत आपल्याला जाण्यायेण्याच्या भाड्याने मोजावी लागणार, तो नकार फोनवरच मिळालेला बरा.

आणि शेवटी, परतींची एक वेगळी वही असावी, जीत तारीख, जिन्नस, गाव, परतीचे कारण आणि नुकसानीची रक्कम एवढीच सदरे असतील. काही महिन्यांनी ती उलटून पाहिली म्हणजे दिसते की एकाच रंगाची साडी वारंवार परत येत आहे, कारण फोटोत तो रंग अधिक गडद दिसतो. की एका विशिष्ट मापाचा ड्रेस तंग बसतो. की एखाद्या पिनकोडला माल पोहोचतच नाही. फोटो दिवसाच्या उजेडात पुन्हा काढणे, मापाचा तक्ता सुधारणे, त्या पिनकोडला रोखीची सोय बंद करणे, हे उपाय फुकटाचे आहेत, पण ते वही नसलेल्याला सुचत नाहीत. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, गोदामे असतात आणि तोटा पचविण्याची ताकद असते. भूम, वाशी किंवा लोहाऱ्यातील घरातून विक्री करणाऱ्याजवळ त्यांपैकी काही नसते, आणि म्हणून त्याच्या बाजूने साक्ष देणारे दफ्तर त्याने स्वतःच उभे केले पाहिजे. ज्याच्याजवळ रवानगीचा फोटो, परतीचे चित्रीकरण आणि नोंदींची वही आहे, त्याचे सगळेच दावे मान्य होतील असे नाही. पण कोणत्या मालावर, कोणत्या गावी आणि कोणत्या अटीवर व्यापार करावयाचा हे तो अंदाजाने न ठरविता माहितीने ठरवील, आणि थोड्या भांडवलावर चालणाऱ्या धंद्याला टिकून राहण्यासाठी याहून भक्कम आधार दुसरा नाही.